बॉन्डेड गोदामात आयात माल ठेवावा की आधीच ड्युटी भरून सोडवावा? (कोल्हापूर परिसरातील उद्योजकांसाठी)

कागलचा यंत्रकार

नमस्कार. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत आमचे मशिनिंगचे युनिट आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमधून आलेल्या कास्टिंगवर काम करून ती आम्ही पंप आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्यांना पुरवतो. नव्या शेडसाठी जपानहून चार सीएनसी मशिनिंग सेंटर मागवली आहेत. मात्र यंदा शेडच्या पायाचे काम पावसात अडकले, वाढीव वीजभाराची मंजुरी अजून आलेली नाही, आणि पुरवठादाराने माल जहाजावर चढवल्याचे कळवले आहे. म्हणजे यंत्रे न्हावा शेवाला उतरतील तेव्हा ती बसवायला आमच्याकडे जागा नसेल.

आमच्या कस्टम्स ब्रोकरचे म्हणणे असे की, माल बॉन्डमध्ये, म्हणजे कस्टम्सचा परवाना असलेल्या गोदामात, टाकावा आणि ड्युटी (आयातीवरचे सीमाशुल्क आणि कर) नंतर भरावी. वडिलांना हे पटत नाही. सरकारचे पैसे थकवून माल ठेवणे त्यांना धोक्याचे वाटते. माझा धाकटा भाऊ म्हणतो की, ड्युटी लांबणीवर पडत असेल तर वर्षभर माल तिथेच राहू द्यावा. या दोन टोकांमध्ये नेमके काय करावे, हे ज्यांनी असा माल प्रत्यक्ष हाताळला आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे. मुदत किती असते, व्याज कधीपासून लागते, चारपैकी दोनच यंत्रे आधी सोडवता येतात का, आणि गोदामात मालाचे काही झाले तर जबाबदारी कोणाची, हे माझे मुख्य प्रश्न आहेत.

उरणचा ब्रोकर

दादा, मूळचा मी करवीर तालुक्यातला, पण अनेक वर्षे न्हावा शेवालाच कस्टम्स क्लिअरन्सचे काम करतो. आपल्या वडिलांची शंका आधी दूर करतो. बॉन्डमध्ये माल ठेवणे म्हणजे ड्युटी थकवणे नव्हे. 1962 च्या सीमाशुल्क कायद्याच्या नवव्या प्रकरणाने आयातदाराला ही सोय हक्काने दिलेली आहे आणि मोठ्या कंपन्या ती रोज वापरतात. माल देशात उतरतो, परंतु देशांतर्गत वापरासाठी तो मोकळा झालेला नसतो, आणि तो मोकळा होईपर्यंत ड्युटी भरावी लागत नाही.

आता काम कसे चालते ते सांगतो. नेहमीच्या बिल ऑफ एंट्रीऐवजी (आयात मालाचे कस्टम्सकडे दाखल करायचे घोषणापत्र) आपण गोदामासाठीची बिल ऑफ एंट्री दाखल करता, तिला इथे सगळे इन-बॉन्ड म्हणतात. कागदी कामाच्या काळात ती पिवळ्या रंगाची असे, थेट वापरासाठीची पांढरी आणि गोदामातून माल सोडवण्याची हिरवी. आता सगळे संगणकावर असले तरी जुनी मंडळी अजून पिवळी आणि हिरवी असेच बोलतात. ड्युटी आकारली जाते, पण भरायची नसते. तिच्याऐवजी कलम 59 प्रमाणे आकारलेल्या ड्युटीच्या तिप्पट रकमेचे बंधपत्र लिहून द्यावे लागते. त्यानंतर कलम 60 खाली माल गोदामात नेण्याचा आदेश निघतो. या आदेशाची तारीख ठळक लिहून ठेवा, कारण पुढची सगळी मोजणी तिथून सुरू होते.

आपल्या यंत्रांसारख्या मालाला त्या आदेशापासून एक वर्षाची मुदत मिळते. पुरेसे कारण दाखवले तर आयुक्त ती एका वेळी एक वर्षापर्यंत वाढवू शकतात, परंतु अर्ज मुदत संपण्यापूर्वी करावा लागतो आणि मुदतवाढीच्या वेळी बँक हमी मागितली जाऊ शकते. मात्र वर्षभर मुदत आहे म्हणजे वर्षभर फुकट आहे असे आपल्या भावाला वाटत असेल, तर ते खरे नाही. पहिल्या 90 दिवसांनंतर ड्युटी भरेपर्यंत व्याज चालू राहते आणि त्याचा दर वर्षाला 15 टक्के आहे.

चारपैकी दोन यंत्रे आधी सोडवता येतात. गोदामातून माल टप्प्याटप्प्याने काढण्यासाठी दर वेळी स्वतंत्र एक्स-बॉन्ड बिल ऑफ एंट्री दाखल करायची आणि तेवढ्याच मालाची ड्युटी भरायची. फक्त एका यंत्राचे भाग वेगवेगळ्या वेळी सोडवू नका. पूर्ण यंत्र सीमाशुल्काच्या दरयादीतल्या एका शीर्षकाखाली आकारले गेलेले असते. त्याचा बेड (बैठक) आज आणि कंट्रोलर पुढच्या महिन्यात असे काढायला गेलात, तर वर्गीकरणाचा वाद ओढवून घ्याल.

राजारामपुरीचा सीए

आकड्यांशिवाय हा निर्णय होणार नाही, म्हणून हिशेब मांडतो. उदाहरणापुरते एका यंत्राचे करपात्र मूल्य 1 कोटी रुपये, मूळ सीमाशुल्क 7.5 टक्के, त्यावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार आणि एकात्मिक जीएसटी 18 टक्के धरू. आपल्या यंत्राचा प्रत्यक्ष दर ब्रोकरकडून तपासून घ्या.

सीमाशुल्क 7,50,000 आणि अधिभार 75,000, म्हणजे 8,25,000 रुपये. आयजीएसटी 1,08,25,000 रुपयांवर लागतो आणि तो 19,48,500 होतो. एका यंत्राची एकूण ड्युटी 27,73,500 रुपये, चार यंत्रांची 1,10,94,000 आणि बंधपत्राची रक्कम तिच्या तिप्पट, म्हणजे 3,32,82,000 रुपये. बंधपत्राचा हा आकडा पाहून घाबरू नये. तो भरायचा नसतो, परंतु संचालकांच्या सह्या आणि कंपनीची जबाबदारी त्याला जोडलेली असते. म्हणून घरातल्या सर्वांनी तो वाचूनच सही करावी.

एक यंत्र आदेशापासून 210 व्या दिवशी सोडवले असे समजू. पहिले 90 दिवस सोडले तर 120 दिवसांचे व्याज लागते. 27,73,500 वर 15 टक्क्यांनी ते सुमारे 1,36,775 रुपये होते. आता खरी मेख पाहा. या 27.73 लाखांपैकी 19.48 लाख हा आयजीएसटी आहे, त्याची क्रेडिट आपल्याला मिळणार आहे (तो आपल्या पुढच्या जीएसटीतून वजा होईल), म्हणजे ड्युटीचा खरा खर्च फक्त सव्वाआठ लाखांचा. परंतु व्याज सर्व रकमेवर लागते आणि त्या व्याजाची क्रेडिट मिळत नाही. आपली बँक खेळत्या भांडवलाला 15 टक्क्यांहून कमी दराने पैसे देत असेल, तर 90 दिवसांनंतर यंत्र बॉन्डमध्ये ठेवणे म्हणजे बँकेऐवजी सरकारकडून महाग कर्ज घेणे होय. वर गोदामाचे भाडे वेगळेच.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. बॉन्डचे पहिले 90 दिवस लघुउद्योजकाला खरा आधार देतात. त्यांपलीकडे बॉन्डमध्ये राहायचे असेल तर त्याला निश्चित कारण हवे, नुसती सवय नको.

कागलचा यंत्रकार

सीए साहेब, इतका नेमका हिशेब मला कोणीच दिला नव्हता, मनापासून आभार. आणखी एक विचारतो. ड्युटीचा दर कोणत्या तारखेचा लागू होतो? इन-बॉन्डच्या दिवशी 7.5 टक्के होता आणि मधल्या काळात सरकारने तो बदलला तर?

हुपरीकर

हा प्रश्न आमच्या गावाने चांगला ओळखला आहे, म्हणून मीच लिहितो. आमच्याकडे दागिन्यांचे काम चालते आणि चांदीवरच्या आयात शुल्काकडे आमचे रोज लक्ष असते. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात सोने आणि चांदीवरचे एकूण सीमाशुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्के झाले. त्या वेळी ज्यांची चांदी शुल्क भरून आधीच घरात आली होती, त्यांना जुना दर पडला होता. ज्यांची चांदी गोदामात होती आणि एक्स-बॉन्ड व्हायची होती, त्यांना नव्या दराचा लाभ झाला. सोने, चांदी आणि इतर मौल्यवान धातूंची गोदामे कलम 58 अ खालची विशेष गोदामे असतात आणि तिथे कुलुपावर कस्टम्सचा ताबा असतो. आपल्या यंत्रांची गोष्ट तशी नसली तरी दराचा नियम तोच.

उरणचा ब्रोकर

हुपरीकरांनी योग्य सांगितले. कलम 15 प्रमाणे गोदामातल्या मालाला एक्स-बॉन्ड बिल ऑफ एंट्री दाखल केल्याच्या दिवशीचा दर लागतो. इचलकरंजीच्या मंडळींनाही हे आठवेल. 2025 च्या अर्थसंकल्पात सूट असलेल्या वस्त्रोद्योग यंत्रांच्या यादीत आणखी दोन प्रकारच्या शटललेस मागांची भर पडली आणि त्यांच्यावरचे 7.5 टक्के मूळ सीमाशुल्क शून्य झाले. त्या वेळी ज्यांचे माग बॉन्डमध्ये होते त्यांनी नंतर एक्स-बॉन्ड करून तो लाभ घेतला. दर वाढला असता तर हेच उलटले असते, म्हणून दर कमी होईल या आशेवर माल अडकवून ठेवण्याचा सल्ला मी कधीही देत नाही.

मात्र इथे दोन गोष्टींत गल्लत होते आणि ती महागात पडते. दर एक्स-बॉन्डच्या दिवशीचा, परंतु परकीय चलनाचा विनिमय दर इन-बॉन्डच्या दिवशीचा. कलम 14 मध्ये तसे स्पष्ट आहे, कारण मूल्य ठरवण्यासाठी कलम 46 ची मूळ बिल ऑफ एंट्री हाच आधार असतो. म्हणजे येन महाग झाला किंवा स्वस्त झाला तरी आपल्या यंत्राचे रुपयांतले करपात्र मूल्य बदलत नाही, बदलू शकतो तो फक्त ड्युटीचा टक्का. चलन पडण्याची वाट पाहत यंत्रे बॉन्डमध्ये ठेवणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांना या वाट पाहण्यातून काहीही मिळत नाही. पुरवठादाराला देण्याच्या रकमेचा प्रश्न वेगळा, तो आपल्या बँकेशी बोलून सोडवावा.

मुदत संपली आणि माल तसाच राहिला, तर काय होते तेही जाणून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने केसोराम रेयॉन विरुद्ध कलेक्टर ऑफ कस्टम्स या 1996 च्या निकालात सांगितले आहे की, मुदतवाढ न घेता मुदतीनंतर गोदामात राहिलेला माल कायद्याच्या दृष्टीने अनियमितपणे बाहेर काढलेला समजला जातो आणि त्याला मुदत संपल्याच्या दिवशीचा दर लागतो. मग नंतर दर घटला तरी त्याचा लाभ मिळत नाही. माल कुठेही हललेला नसतो, तो गोदामातच असतो, पण कायद्याने तो गेलेला असतो. 1999 च्या किरण स्पिनिंग मिल्स निकालातही हीच बाजू आहे. गोदामात ठेवलेल्या मालाची आयात पूर्ण होते ती तो गोदामाची हद्द ओलांडून देशात मोकळा होतो तेव्हा, असे न्यायालयाने म्हटले. ही तारखांची शिस्त पाळणे तुम्हाला जमत नसेल तर बॉन्डच्या वाटेला जाऊ नका. याबाबत मी माझ्या प्रत्येक ग्राहकाला, ओळखीच्या माणसाला तर जास्तच, आग्रहाने सांगतो.

शिरोलीचा ओतारी

एक वेगळा मार्ग सुचवतो. आमची फाउंड्री आणि मशीनशॉप निर्यातीसाठी काम करते आणि आम्ही कलम 65 खालची गोदामातील उत्पादनाची योजना घेतली आहे. तिचे नियम 1 ऑक्टोबर 2019 पासून लागू झाले. आपला कारखानाच खासगी बॉन्डेड गोदाम म्हणून परवानाधारक होतो. कलम 58 चा परवाना आणि कलम 65 ची परवानगी एकाच अर्जात मिळते. आयात केलेली यंत्रे आणि कच्चा माल ड्युटी न भरता आत येतो, व्याज नाही, आणि यंत्रांना वर्षभराची मुदतही नाही. निर्यातीचे बंधनही नाही. तयार माल निर्यात झाला तर त्यात गेलेल्या आयात कच्च्या मालाची ड्युटी लागत नाही आणि देशात विकला तर तेवढी भरावी लागते. तुलनेसाठी सांगतो, ईपीसीजीमध्ये (निर्यातीच्या अटीवर यंत्रे ड्युटीशिवाय आणण्याची योजना) वाचलेल्या ड्युटीच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करावी लागते. ज्यांची निर्यात अनियमित आहे, त्यांच्या गळ्यात ते ओझे पडते.

मात्र कागलच्या दादांना ही योजना लगेच घ्या असे मी म्हणणार नाही. यंत्र पुढे देशात विकायचे किंवा योजनेतून बाहेर पडायचे ठरले, तर ड्युटी मूळ मूल्यावरच लागते, घसारा वजा होत नाही. दहा वर्षे वापरलेल्या यंत्रावर नव्या यंत्राची ड्युटी भरण्याची तयारी हवी. शिवाय आवक, वापर आणि जावक यांची रोजची नोंद, दर महिना संपल्यावर 10 दिवसांत बॉन्ड ऑफिसरकडे (गोदामावर देखरेख करणारा कस्टम्सचा अधिकारी) विवरणपत्र, आणि कधीही तपासणीला येतील असे गृहीत धरून ठेवलेले गोदाम, हे सगळे माणूस नेमून करावे लागते. तुमचे बहुतांश काम देशातल्या पंप कारखान्यांसाठी असेल तर या व्यवस्थेचा खर्च परवडणार नाही. आमच्यासारख्या निर्यात करणाऱ्या फाउंड्र्यांनी मात्र जिल्ह्यात याचा गांभीर्याने विचार करावा असे मला मनापासून वाटते, कारण इथे ओतकाम करण्याचे कसब आहे, पण यंत्रासाठीचे भांडवल नाही.

कसबा बावडा

एक प्राथमिक शंका विचारतो. आमच्या भागात साखर कारखान्यांच्या मळी आणि स्पिरिटच्या साठ्यालाही बॉन्ड म्हणतात, आणि वखार महामंडळाच्या पावतीवर शेतकऱ्यांना तारण कर्ज मिळते. हे सगळे एकच आहे का?

उरणचा ब्रोकर

तिन्ही वेगळे आहेत. स्पिरिट राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नियंत्रणाखाली असते, वखार महामंडळाची पावती शेतमालाच्या साठवणुकीची असते, आणि आपण बोलत आहोत ते केंद्राच्या सीमाशुल्काचे बॉन्ड. एखाद्या वखार संस्थेकडे सीमाशुल्काचा परवाना असू शकतो, केंद्रीय वखार महामंडळ अशी गोदामे चालवतेही. परंतु वखार आहे म्हणजे ती बॉन्डेड आहे असे समजू नये, परवान्याची प्रत पाहूनच पुढे जावे.

कागलचा यंत्रकार

आता गोदामाच्या जागेचा प्रश्न. शेड बांधून झाले असते तर खासगी परवाना मागितला असता, पण तेच नाही. आमचे ब्रोकर पनवेलजवळचे सार्वजनिक बॉन्डेड गोदाम सुचवत आहेत. आमच्या एका नातेवाइकाचे म्हणणे असे की, माल कोल्हापूरच्या जवळ आणून ठेवावा. पावसाचे दिवस आहेत. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला होता. पाणी गोदामात शिरले तर ड्युटी भरायची का? आणि विमा कोणाचा?

गोदाम सांभाळणारा

मी एका बॉन्डेड गोदामाचा वेअरहाऊस कीपर म्हणून काम करतो, म्हणून या प्रश्नाचे उत्तर मलाच द्यायला हवे. आपण 2019 आणि 2021 चा उल्लेख केलात ते योग्यच आहे, नदीकाठच्या तालुक्यांत माल ठेवताना हा विचार आधी करावा.

कंटेनर बंदरातून निघतो तेव्हा त्याला एकदाच लागणारे कुलूप असते आणि त्याचा क्रमांक कागदावर लिहिलेला असतो. गाडी दारात आली की पहिला माणूस मी असतो. क्रमांक कागदाशी जुळतो का, कुलुपावर ओरखडा किंवा तारेचा वाकलेला भाग दिसतो का, हे पाहतो. कुलूप शाबूत नसेल तर मी माल उतरवू देत नाही, बॉन्ड ऑफिसरला आणि मालकाला कळवतो. दार उघडल्यावर खोक्यांच्या खुणा आणि संख्या बिल ऑफ एंट्रीशी जुळवतो, फरक आढळला तर 24 तासांच्या आत कळवतो. यंत्रांच्या बाबतीत मी आणखी एक गोष्ट पाहतो, लाकडी क्रेटवरचे झुकाव दाखवणारे स्टिकर लाल झाले आहे का. ते लाल झाले असेल तर वाटेत क्रेट कलंडलेला आहे, आणि ते ड्रायव्हर दारात असतानाच लिहून घ्यावे लागते, दोन महिन्यांनी नाही. त्यानंतर मालकाला पोहोच मिळते. माल जिथून निघाला तिथल्या कस्टम्स अधिकाऱ्यापर्यंत ही पोहोच महिन्याच्या आत पोहोचली नाही तर ड्युटी मागितली जाऊ शकते, म्हणून ती गेली की नाही याचा पाठपुरावा करा.

2016 पूर्वी या दारावर कस्टम्सचे कुलूप असे आणि अधिकारी आल्याशिवाय काहीच हालत नसे. त्या वर्षीच्या वित्त अधिनियमाने ती व्यवस्था बदलली, आता सार्वजनिक आणि खासगी गोदामांत नोंदींवर विश्वास ठेवला जातो. मोकळीक वाढली तसा भार परवानाधारकावर आला, कलम 73 अ त्याला जबाबदार धरते. म्हणून गोदाम निवडताना भाड्यापेक्षा तिथली नोंदवही आधी पाहावी. नोंदी गोदामाबाहेरही डिजिटल स्वरूपात जतन करण्याचा नियम आहे. तो पूर, आग आणि चोरी लक्षात घेऊनच केलेला आहे. ज्या गोदामात ही प्रत दाखवता येत नाही तिथे मी स्वतः माल ठेवणार नाही.

विम्याबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. परवान्यासाठी गोदामाने जो विमा काढलेला असतो तो ड्युटीइतक्या रकमेचा, राष्ट्रपतींच्या नावे, म्हणजे सरकारच्या महसुलाच्या रक्षणासाठी असतो. त्यात आपल्या यंत्राचे मूल्य येत नाही. यंत्राचा विमा आपल्याला स्वतःच काढावा लागतो, आणि सागरी विम्याची मुदत गोदामातल्या मुक्कामापर्यंत वाढते की नाही हे विमा कंपनीला लेखी विचारून घ्यावे लागते. याविषयी मी तळमळीने सांगतो, कारण नुकसान झाल्यावर हा फरक समजलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

राजारामपुरीचा सीए

ड्युटीच्या बाजूने कायदा कठोर नाही. देशांतर्गत वापरासाठी सोडवण्यापूर्वी माल नष्ट झाला किंवा हरवला, आणि ते कारण किरकोळ चोरीचे नसेल, तर कलम 23 प्रमाणे ड्युटी माफ होते. माल खराब झाला पण नष्ट झाला नाही, आणि त्यात मालकाचा निष्काळजीपणा नसेल, तर कलम 22 प्रमाणे घटलेल्या मूल्याच्या प्रमाणात ड्युटी कमी होते. मात्र यासाठी नुकसान त्याच वेळी नोंदवलेले हवे आणि अधिकाऱ्यांनी तपासलेले हवे. शिवाय मालाची कोणालाच गरज उरली नाही तर मालक ड्युटी न भरता मालावरचा हक्क सोडू शकतो, गोदामाचे भाडे आणि इतर देणी मात्र चुकती करावी लागतात.

आणखी एक सांगतो. बॉन्डमध्ये असताना यंत्र दुसऱ्याला विकले तर त्या विक्रीवर जीएसटी लागत नाही, 1 फेब्रुवारी 2019 पासून कायद्यात तशी स्पष्ट तरतूद आहे. पुढे एक्स-बॉन्ड करताना नवा मालक आयजीएसटी भरतो, आणि विक्रीची किंमत मूळ मूल्यापेक्षा जास्त असेल तर त्या जास्त किमतीवर. चारपैकी एखादे यंत्र अडचणीमुळे शेजारच्या उद्योजकाला द्यावे लागले, तर हा पर्याय ध्यानात ठेवा.

उरणचा ब्रोकर

एक छोटी सोयही लक्षात असू द्या. थेट वापरासाठी बिल ऑफ एंट्री आधीच दाखल झाली असेल आणि नंतर मत बदलले, तरी महसुलाचे नुकसान होत नाही असे अधिकाऱ्यांना पटले तर ती गोदामासाठीच्या बिलात बदलून मिळू शकते. आणि फक्त काही दिवसांची अडचण असेल तर कलम 49 खाली 30 दिवसांपर्यंत माल गोदामात ठेवता येतो, त्यासाठी बॉन्डची सारी प्रक्रिया लागत नाही. काहीच न करता माल बंदरात पडू देणे हा सर्वांत वाईट मार्ग, कारण कंटेनरचे डिटेन्शन (तो वेळेत परत न दिल्याचे शुल्क) शिपिंग कंपनीला आणि जागेचे भाडे बंदराला रोज वाढत जाते. बॉन्डेड गोदामात माल उतरवून रिकामा कंटेनर परत दिला की किमान ते थांबते.

कागलचा यंत्रकार

सर्वांचे आभार. रात्री घरी सगळ्यांनी मिळून हे धागे वाचले आणि एकमताने ठरवले. जुन्या शेडमधली दोन जुनी लेथ हलवून तिथे दोन यंत्रे बसवता येतील, म्हणून ती दोन यंत्रे थेट ड्युटी भरून सोडवू. त्यांचा आयजीएसटी पुढच्याच विवरणपत्रात क्रेडिटला येईल आणि त्यासाठी बँकेने मर्यादा वाढवून द्यायला होकार दिला आहे. उरलेली दोन यंत्रे पनवेलजवळच्या सार्वजनिक बॉन्डमध्ये ठेवू. वीजभाराची मंजुरी 90 दिवसांच्या आत आली तर लगेच सोडवू, नाही आली तर 91 व्या दिवशीच कोणत्या पैशातून ड्युटी भरायची याचा निर्णय घेऊ, वर्षभर थांबणार नाही. कोल्हापूरजवळ माल आणून ठेवण्याचा विचार पावसाळा संपेपर्यंत सोडला आहे. वडिलांना तिप्पट रकमेचे बंधपत्र स्वतः वाचायचे आहे, ते मराठीत समजावून सांगेल असा ब्रोकर हवा आहे, आणि उरणच्या साहेबांनी होकार दिला तर आम्ही त्यांच्याकडेच येऊ.

एकच शंका राहिली. दोन बिल ऑफ एंट्री, दोन वेगळ्या प्रकारच्या, एकाच बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती) चालतात का?

उरणचा ब्रोकर

चालतात, परंतु बिल ऑफ लेडिंगमधल्या मालाचा कोणता भाग कोणत्या बिल ऑफ एंट्रीत आहे हे पॅकिंग लिस्टवरून खोक्यांच्या क्रमांकानिशी स्पष्ट दिसायला हवे. थेट सोडवायची आणि बॉन्डमध्ये ठेवायची यंत्रे एकाच कंटेनरमध्ये भरलेली असतील तर बंदरात माल वेगळा करावा लागेल आणि त्याचा खर्च वेगळा येईल, म्हणून पुरवठादाराकडून कंटेनरनिहाय यादी आजच मागवा. थेट सोडवायची दोन यंत्रे कोणत्या कंटेनरमध्ये आहेत हे कळल्यावरच माझ्या कार्यालयात या. बंधपत्राचा मसुदा मी वडिलांसमोर बसून वाचून दाखवीन.

गोदाम सांभाळणारा

दादा, यादी मागवताना क्रेटचे एकूण वजन आणि उंचीही लिहून मागवा. आमच्याकडच्या काही गोदामांचे शटर उंच क्रेटसाठी लहान पडते, आणि गाडी दारात उभी असताना ते लक्षात आले तर क्रेन आणून माल दुसऱ्या गोदामात न्यावा लागतो.

कागलचा यंत्रकार

वजन आणि उंची दोन्ही आज सकाळीच पुरवठादाराकडे मागितली आहे. यादी आली की इथे कळवीन.